विमानातलं जैन जेवण : चार उड्डाणं, चार ताटं

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, 78 वर्षांच्या आहेत. आजवरचा त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास शिखरजी या आमच्या तीर्थक्षेत्राचा, तोही आगगाडीने आणि बरोबर दोन डबे भाकरी घेऊन. यंदा एप्रिलमध्ये माझ्या मुलाला मुलगी झाली. तो जर्मनीत माइन्त्सला असतो, फ्रँकफर्टच्या शेजारी. पणती बघायला जायचं ठरलं आणि आईंनी पहिला प्रश्न विचारला, "विमानात मला काय घालतील गं खायला?"

प्रश्न साधा नव्हता. आम्ही सोलापूरचे दिगंबर जैन. कांदा, लसूण, आलं, बटाटा, गाजर, मुळा, बीट यांतलं काही आईंना चालत नाही. शिवाय त्या रात्री जेवत नाहीत. सूर्य उगवल्यावर दोन घटका गेल्या की तोंडात घास, आणि मावळायच्या दोन घटका आधी ताट उचललेलं. दोन घटका म्हणजे 48 मिनिटं. हे त्यांनी लग्नाआधीपासून पाळलंय आणि या वयात ते माझ्या हातून मोडायला नको, एवढं मी मनाशी ठरवलं होतं. मी स्वतः रात्रीचं इतकं कडक पाळत नाही, कंदमुळं मात्र मीही खात नाही. वरून मला साखरेचा त्रास आहे.

जाऊन आलो. जाताना दोन विमानं, येताना दोन. या चार विमानांतल्या 'स्पेशल मील' सेवेबद्दल हे लिहितेय. विमान कंपनीचं नाव मुद्दाम टाळलंय, कारण जे चुकलं ते कुठल्याही कंपनीत चुकू शकतं असं मला नंतर चौकशी करताना कळलं.

आधी तिकिटाचं. नवी पेठेतल्या एजंटने तिकिटं काढली आणि मोठ्या विश्वासाने सांगितलं, "काकू, व्हेज टाकलंय, काळजी करू नका." मी घरी येऊन कागद नीट वाचला तर तिथे एव्हीएमएल असं लिहिलेलं. हे चार अक्षरी कोड जगभरच्या कंपन्या वापरतात, आणि आपल्यासारख्यांचं सगळं जेवण या चार अक्षरांवर अवलंबून असतं. एव्हीएमएल म्हणजे एशियन व्हेजिटेरियन. आपल्या पद्धतीचं, मसालेदार, दूधदही असलेलं, अंडं नसलेलं. पण कांदा, लसूण, बटाटा त्यात असणारच. आम्हाला हवं ते व्हीजेएमएल, म्हणजे जैन. व्हीजीएमएल म्हटलं तर दूध, दही, तूपसुद्धा येत नाही, कांदा-बटाटा मात्र येतो. व्हीएलएमएलमध्ये अंडं असू शकतं. या 'व्हेज' शब्दावर विसंबून आपली माणसं फसतात.

सगळ्यात जास्त फसतात ती 'हिंदू मील'ला. त्याचा कोड एचएनएमएल. नाव वाचून कुणालाही वाटेल की हे आपलं शाकाहारी जेवण. तसं नाही. त्यात गोमांस नसतं एवढंच, पण कोंबडी, बोकड, मासे, अंडी यांतलं काहीही असू शकतं. आमच्या शेजारच्या लिंगायत कुटुंबातले आजोबा-आजी अमेरिकेला गेले तेव्हा त्यांनी भक्तिभावाने तेच निवडलं होतं. झाकण उघडल्यावर आजींनी पुढचे चौदा तास पाण्यावर काढले. हे ऐकल्यापासून मी भेटेल त्याला सांगत असते, आणि इथेही सांगते: शाकाहारी असाल तर हिंदू मील निवडू नका.

तर मी कंपनीला फोन केला. पंचवीस मिनिटं थांबावं लागलं, पण पलीकडची मुलगी मुंबईची निघाली आणि मराठीतच बोलली. जैन जेवण उड्डाणाच्या किमान 24 तास आधी नोंदवावं लागतं, त्यानंतर स्वयंपाकघराला सांगून उपयोग नसतो, असं तिने समजावलं. मी विचारलं, जैन आणि मधुमेही असं दोन्ही मिळेल का? तर नाही. एका माणसाला एकच कोड. डीबीएमएल घेतलं तर साखर सांभाळली जाते पण कांदा-लसूण येतो. मी जैनच घेतलं आणि गोड बाजूला ठेवायचं ठरवलं. या बाबतीत मला कंपन्यांकडून जास्त अपेक्षा आहे. आपल्याकडे साठीच्या पुढे मधुमेह नसलेलं घर शोधावं लागतं, आणि धर्म पाळणारी माणसंही तीच. या दोन्ही गरजा एकत्र धरणारं ताट कुणीतरी करायलाच हवं.

उड्डाणाची वेळ मात्र मी स्वतः निवडली. मुंबईहून पहाटे साडेचारला निघायचं, आखातात विमान बदलायचं, आणि तिथून सकाळी फ्रँकफर्टला. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, म्हणजे दुसऱ्या विमानात आईंना लख्ख उजेडात जेवता येणार. एजंटने रात्री दहाचं थेट विमान सुचवलं होतं, स्वस्तही होतं. मी नको म्हटलं.

घरून काय नेलं तेही सांगते, कारण निम्मा प्रवास त्याच्यावर झाला. कडक भाकरी, ज्वारीची, पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. शेंगा चटणी, पण आमच्या घरची, लसणाशिवाय, जिरं आणि लाल तिखट घालून उखळात कुटलेली. बाजारातल्या सोलापुरी चटणीत लसूण असतोच, म्हणून ती आम्ही घेत नाही. कोरडी चटणी हातातल्या पिशवीतून जाते. लोणचं, दही, तूप यांना मात्र हातातल्या सामानात 100 मिलिलिटरची अट आड येते. आणि पेढे, खवा, तूप हे दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेताच येत नाहीत, पेटीत घातले तरीही. पणतीसाठी सिद्धेश्वराच्या देवळाजवळून घेतलेले पेढे मी निघायच्या आदल्या दिवशी गल्लीत वाटून टाकले.

सकाळच्या वंदे भारतने मुंबई गाठली, दादरला नणंदेकडे दुपारी आराम केला, संध्याकाळी सहाच्या आत आईंचं जेवण उरकलं आणि मध्यरात्री विमानतळावर.

पहिलं ताट मुंबईहून सुटल्यावर तासाभरात आलं. स्पेशल मील इतरांच्या आधी येतं, हे मला माहीत नव्हतं. जेवणाची गाडी यायच्या आधीच एक मुलगी हातात दोन ट्रे घेऊन आली, आसन क्रमांक बघितला, आडनाव विचारलं आणि मग ट्रे ठेवला. झाकणावर चिकटवलेल्या पट्टीवर व्हीजेएमएल आणि आसन क्रमांक. तो बघून मला फार हायसं वाटलं. पण बाहेर मिट्ट काळोख. आईंनी ट्रेला हात लावला नाही. मी त्या मुलीला विचारलं, उजाडल्यावर द्याल का? तिने नम्रपणे सांगितलं की एकदा गरम केलेलं जेवण जास्त वेळ ठेवायची परवानगी नाही. तिचं बरोबर होतं. तिने फळांची वाटी तेवढी वेगळी काढून आईंजवळ ठेवली आणि म्हणाली, ही उजाडल्यावर खा.

मी माझं खाल्लं. कच्च्या केळ्याचं कटलेट, साधा पराठा, मटारची उसळ, पपई आणि कलिंगड. कटलेट इतकं बटाट्यासारखं लागलं की मी दोनदा पट्टी वाचली. चव चांगली होती, मीठ कमी वाटलं. विमानातल्या जेवणाला मीठ कमी लागतं ते खरं तर आपल्या जिभेमुळे. केबिनमधली हवा फार कोरडी असते आणि दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असावा तेवढा. नाक कोरडं पडतं आणि खारट-गोड कमी जाणवतं. पराठा मात्र चामट. विमानात चूल नसते. सगळं जमिनीवर शिजवून थंड करून आणतात आणि वर भट्टीत फक्त गरम करतात. त्यामुळे पोळी-पराठ्याकडून फार आशा ठेवू नये, भात आणि उसळी त्या मानाने टिकतात.

आखातात उतरताना तांबडं फुटलं. विमानतळावर खुर्चीत बसून आईंनी घड्याळ बघितलं, णमोकार मंत्र म्हटला, आणि दोन घटका गेल्यावर भाकरीचा तुकडा मोडला. समोर बसलेली एक आफ्रिकन बाई कौतुकाने बघत होती. आईंनी तिला तुकडा आणि चटणी दिली. ती तिखटाने पाणी पाणी झाली आणि पुन्हा मागितली.

दुसरं ताट, आखात ते फ्रँकफर्ट, हे चारांतलं सर्वोत्तम. त्याचं वर्णन मला सविस्तर करायचंय, कारण हे ज्या स्वयंपाकघरात झालं तिथे जैन जेवण म्हणजे काय हे कळणारं कुणीतरी नक्की आहे. मुगाची दोन छोटी धिरडी, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घातलेली, आल्याशिवाय. मटारचा उपमा, थोडा सुका. ओल्या नारळाची चटणी वेगळ्या डबीत. काकडी-टोमॅटोच्या चकत्या. दही. खजूर. आई खिडकीशी होत्या, खाली वाळवंट, सगळीकडे ऊन. त्यांनी आधी प्रत्येक गोष्ट चमच्याने उलटून बघितली, वास घेतला, मग म्हणाल्या, "आपल्यातलंच कुणीतरी केलेलं दिसतंय." आणि संपूर्ण ताट संपवलं. मला तेव्हा भरून आलं. एवढ्या उंचीवर, परक्या माणसांत, त्यांना एकही घास संशयाने खावा लागला नाही.

एक गोष्ट खटकली. उतरायच्या आधी थंड सँडविच दिलं, त्यात चीझ. चीझ जमवायला पुष्कळदा रेनेट वापरतात आणि पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून काढतात. वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेलंही असतं, पण डब्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. विचारल्यावर कर्मचाऱ्यांनाही सांगता येईना. जैन पट्टी लावलेल्या जेवणात चीझ घालायचं असेल तर ते कोणतं हे लिहायला हवं. आम्ही ते परत केलं.

आणखी एक बारीक पण महत्त्वाचं. आईंना खिडकी हवी म्हणून आम्ही आपसात जागा बदलल्या होत्या. दोघींचं जेवण एकच म्हणून बिघडलं नाही. पण ट्रे आसन क्रमांकाला येतो, माणसाला नाही. दोघांचे कोड वेगळे असतील आणि जागा बदलली तर आधी कर्मचाऱ्यांना सांगा.

माइन्त्समधले दिवस आनंदात गेले, त्याबद्दल इथे लिहीत नाही. सुनेने एक प्रश्न मात्र छान विचारला: शेंगासुद्धा जमिनीत येतात, मग त्या कशा चालतात? आईंनी सांगितलं, शेंगदाणा हे बी आहे, कंद नव्हे. कंद म्हणजे असंख्य जिवांचं घर, आणि तो उपटला की झाडाचाच शेवट. शेंगा येतात तेव्हा वेल आपलं आयुष्य पुरं करून वाळायला लागलेला असतो.

चातुर्मासाच्या आत सोलापूरला पोचायचं म्हणून जूनअखेरची परतीची तिकिटं होती. निघायच्या आठ दिवस आधी कंपनीचा मेल आला: वेळापत्रक बदललंय, फ्रँकफर्टहून आखातापर्यंत तुम्हाला आमच्या सहयोगी कंपनीच्या विमानात बसवलंय, नवं तिकीट सोबत. मुलाने वेळ बघितली, दुपारी सव्वातीन, ठीक आहे म्हणाला. जेवणाचा उल्लेख मेलमध्ये कुठेच नव्हता आणि आमच्याही लक्षात आलं नाही. एकदा नोंदवलंय ते आहेच, असं मी धरून चालले. ते चूक निघालं. तिकीट बदललं की जेवणाची नोंद आपोआप पुढे जाईलच असं नाही, आणि विमान दुसऱ्या कंपनीचं असेल तर ती नोंद त्या कंपनीकडे पोचावी लागते. तिकीट कुणी विकलं याला अर्थ नाही, विमान कोण उडवतं त्यांच्या स्वयंपाकघराला कळलं पाहिजे.

सव्वातीनला निघालो. पूर्वेकडे जाताना सूर्य पाठीमागे पळतो. जमिनीवर फ्रँकफर्टला त्या दिवसांत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, पण विमानात मी हिशेब केला होता की तीन-सव्वातीन तासांत अंधार होणार. म्हणजे आईंना फार तर अडीच तास. तास झाला, सव्वा तास झाला, आमच्या पुढच्या रांगेत एकाला वेगळा ट्रे मिळाला. आमच्याकडे कुणी आलं नाही. गाडी आली तेव्हा विचारलं. त्या मुलीने यादी काढली, दोनदा बघितली. आमचे आसन क्रमांक यादीत नव्हते. शाकाहारी म्हणून जे होतं तो पास्ता, टोमॅटोच्या रश्शात, कांदा आणि लसूण वासावरूनच कळत होता.

मला रडू येईल असं वाटलं. आई म्हणाल्या, "असू दे की. एक दिवस उपवास." पण त्यांनी सकाळी आठला खाल्लं होतं, रक्तदाबाची गोळी होती, आणि पुढचं जेवण दुसऱ्या दिवशी मुंबईत उजाडल्यावर. म्हणजे जवळजवळ वीस तास.

त्या मुलीबद्दल मला आवर्जून लिहायचंय. ती जर्मन होती, तिशीची असेल. जैन शब्द तिने ऐकलेला होता, सूर्यास्ताचं ऐकलेलं नव्हतं. मी तिला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की जमिनीत वाढणारं काही नको, आणि सूर्य मावळायच्या आत हवं. तिने खिडकीबाहेर बघितलं, घड्याळ बघितलं आणि अर्ध्या तासात येते म्हणून गेली. आली ती पुढच्या वर्गातली फळांची मोठी बशी, साधं दही, बिनमिठाचे बदाम-काजू आणि एक काकडी अख्खी घेऊन. अख्खी का, तर चिरलेली असती तर कुठल्या सुरीने हा प्रश्न तुम्हाला पडला असता, असं ती म्हणाली. दह्याच्या डबीवरचे घटक तिने स्वतः वाचून दाखवले, जिलेटिन नाही हे बघून मगच दिलं. माझ्याकडे चार भाकऱ्या आणि चटणी उरली होती. दही, चटणी, भाकरी, काकडी. आई खरोखर पोटभर जेवल्या. ताट उचललं तेव्हा ऊन पंखावर तिरकं पडलं होतं आणि आणखी तासाभराने अंधार झाला.

चौथं ताट आखात ते मुंबई. मूळच्या कंपनीचं विमान, तिकीट न बदललेलं, म्हणून नोंद शाबूत. मध्यरात्रीनंतर दोन वाजता पट्टी लावलेले दोन व्हीजेएमएल ट्रे अगदी वेळेवर आले. पनीर-मटार, जिरा भात, मुगाचं वरण, गुलाबजाम. ज्या विमानात आईंना जेवायचं होतं तिथे काही नव्हतं, आणि ज्या वेळी त्या पाणीही पीत नाहीत तेव्हा गरम ताट समोर. त्यांनी हात जोडून परत केलं. अन्न वाया गेल्याचं त्यांना फार लागलं, सोलापूर येईपर्यंत दोनदा बोलल्या. रात्रीच्या विमानात जेवणार नसाल तर काही कंपन्यांत 'जेवण नको' असंही आधी कळवता येतं, हे मला नंतर कळलं. मी माझ्या ट्रेमधला भात-वरण खाल्लं. वरण उत्तम, पनीर रबरासारखं.

तर माझं मत. जिथून विमान सुटतं तिथल्याच स्वयंपाकघरातून सहसा जेवण चढतं, त्यामुळे मुंबई किंवा आखातातून निघताना जैन जेवणाबद्दल निश्चिंत राहायला हरकत नाही. चव, स्वच्छता, विचार, तिन्ही चांगलं. युरोपातून परतताना पोटापुरतं घरचं जवळ ठेवाच. मुलीची वागणूक दहापैकी दहा, मग ती कुठल्याही कंपनीची असो. तिकीट बदलल्यावर प्रवाशाला जेवणाबद्दल एक ओळही न कळवणं याला मी शून्य देते. उड्डाणाआधी तीन दिवस आणि मेल आला तर त्याच दिवशी, नव्या तिकिटावर कोड आहे का हे स्वतः उघडून बघा. विमान दुसऱ्या कंपनीचं असेल तर थेट तिलाच फोन करा.

मी दोन्ही कंपन्यांना पत्र लिहिलं. एक मागणी केली: वेळ बदलल्याचा जो मेल पाठवता, त्यातच जेवणाची नोंद टिकली की गेली एवढं लिहा. आणि त्या मुलीचं कौतुक तिच्या वरिष्ठांपर्यंत पोचवा, विमान क्रमांक आणि तारीख दिली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दिलगिरी व्यक्त केली आहे, मागणी संबंधित विभागाकडे पाठवली आहे, आणि कौतुक त्या मुलीला वाचून दाखवलं असं लिहिलंय. शेवटचं वाक्य मी आईंना दोनदा वाचून दाखवलं.

पणतीच्या पहिल्या वाढदिवसाला एप्रिलमध्ये पुन्हा जायचं म्हणतात त्या. एजंटला आत्ताच सांगून ठेवलंय: कोड व्हीजेएमएल, आणि येताना फ्रँकफर्टहून सकाळचं विमान बघा, दुपारी बाराच्या आत सुटणारं.